कोनशिला सुस्थितीत आहे

गावाचं नाव लिहीत नाही. डहाणूपासून खाली मालवणापर्यंत किनाऱ्यावरचं कुठलंही गाव घ्या, मजकूर फारसा बदलावा लागणार नाही. वेंगुर्लं मुद्दाम वगळलंय, का ते पुढे येईल.

तर आमच्या गावाला समुद्र आहे. तो नगरपरिषदेने बांधलेला नसल्यामुळे अजून चालू आहे. त्याच्या अलीकडे जे जे बांधलं गेलं, त्याला सुशोभीकरण म्हणतात.

पहिला मान सेल्फी पॉइंटचा. ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव, अशी माणसाच्या उंचीची अक्षरं किनाऱ्यावर उभी राहिली. पहिल्या पावसाळ्यात गावाचं नाव गेलं, दुसऱ्यात लव्ह गेलं. आता नुसतं ‘आय’ उरलंय. रात्री ते लाल दिव्यात एकटंच चमकतं आणि बघणारा पुढचा शब्द आपापल्या संस्कारांप्रमाणे पुरा करतो.

शेजारी ओपन जिम आहे. तिथल्या यंत्रांनी गावकऱ्यांपेक्षा जास्त वजन उतरवलंय. एकाचं पायडल गेलं, दुसऱ्याची बैठक गेली, तिसऱ्यावर कोळणी जाळी वाळत घालतात. लोकोपयोग झालेलं तेवढंच एक. कचराकुंड्या डॉल्फिनच्या आकाराच्या आहेत. डॉल्फिन तोंड उघडून उभा आहे, पण त्याला बूड राहिलेलं नाही. वरून टाकलेला कागद खालून थेट वाळूत. संगीत कारंजं उद्घाटनाच्या संध्याकाळी टँकरच्या पाण्यावर नाचलं. त्यानंतर संगीत डासांकडे आहे.

शौचालयाला कुलूप. चावीची चौकशी केली तर समोरचा शहाळीवाला म्हणाला, “चावी ठेकेदाराजवल हाय.”

“आणि ठेकेदार?”

“तो बिलाच्या मागं हाय.”

बिल पास होईपर्यंत निसर्ग थांबत नाही, म्हणून सुरूच्या बनात पायवाट पडली आहे. गावातली ही एकच पायवाट लोकांनी स्वतः पाडलेली आणि रोज वापरातली.

या सगळ्या पडझडीत कोनशिला तेवढी ठणठणीत उभी आहे. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, ‘शुभहस्ते’च्या खाली एक नाव, ‘प्रमुख उपस्थिती’च्या खाली अकरा. ग्रॅनाइटला खारा वारा चावत नाही. म्हणजे समुद्राकाठी काय टिकतं, हे आमच्या अभियंत्यांना ठाऊकच नाही, असा आरोप कुणी करू नये. ठाऊक आहे. फक्त ते ज्ञान कुठे वापरायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलंय.

साधं लोखंड समुद्रावर उघडं ठेवलं की गंजतं, हे कळायला पदवी लागत नाही. होडीचा खिळा पाहिलेलं पोरही सांगेल. तरी कठडे साध्या लोखंडाचे, वर ऑइल पेंटचा एक हात, आणि पुढच्या मृगाला कठडा हातात. कठड्यांचं सोडा. मालवणला राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 ला पंतप्रधानांच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो पुतळा कोसळला. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. नटबोल्ट गंजल्याचं सार्वजनिक बांधकाम खात्याने पडण्याच्या काही दिवस आधीच लेखी कळवलं होतं, हे नंतर बाहेर आलं. वारा ताशी 45 किलोमीटरचा होता, असंही सांगितलं गेलं. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे, 1664 साली पाया घातलेला. त्याने किती वारे पाहिले याची नोंद बांधकाम खात्याकडे नसावी. राजकोटावर आता नवा, कितीतरी उंच पुतळा उभा राहिला आहे. त्याच्या देखभालीची जबाबदारी कुणाची आणि किती वर्षांची, हेही जमल्यास ग्रॅनाइटवर कोरा.

आता यात गोम अशी की पैसा नवं करायला मिळतो, जुनं राखायला मिळत नाही. सुशोभीकरणाचा निधी वरून येतो. कधी जिल्हा नियोजन समितीतून, कधी प्रादेशिक पर्यटन विकास योजनेतून. तो आणला म्हणून बॅनर लागतो. देखभाल मात्र नगरपरिषदेने घरपट्टीच्या पैशांतून करायची, आणि गंजलेला बोल्ट बदलला म्हणून आजवर कुणाचा बॅनर लागलेला नाही. त्यामुळे बाक मोडला की दुरुस्त होत नाही, बाकीचे मोडायची वाट पाहिली जाते. पुरेसे मोडले की ‘टप्पा दोन’ मंजूर होतो. टप्पा दोनची कोनशिला टप्पा एकच्या शेजारी बसते. आमच्याकडे तिसऱ्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे.

मालकीचा गोंधळ तर विचारूच नका. जेटी सागरी मंडळाची, वाळू महसूलची, सुरू वनखात्याचे, रस्ता बांधकाम खात्याचा, दिवे नगरपरिषदेचे, दिव्याचं बिल वादातलं. मेलेलं कासव किनाऱ्याला लागलं तर सगळी खाती एकमेकांना रस्ता देतात.

जाब विचारावा तर कुणाला? किनाऱ्यावरच्या बऱ्याच नगरपरिषदांची मुदत 2021च्या डिसेंबरात संपली आणि पुढची निवडणूक लागायला 2025चा डिसेंबर उजाडला. मधली चार वर्षं प्रशासक. नगरसेवक निदान लग्नात भेटतो, प्रशासक लग्नालाही येत नाही.

बाहेरून कुणी तपासणारा असला की काय होतं, तेही पाहू. 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हा स्वच्छ किनाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय झेंडा मिळाला: डहाणूचा पारनाका, श्रीवर्धन, नागाव, लाडघर आणि गुहागर. अभिनंदन. 33 निकष असतात, पाण्याच्या शुद्धतेपासून शौचालयापर्यंत. पण या झेंड्याचा खरा गुण वेगळाच आहे: तो उतरवता येतो. विशाखापट्टणमच्या रुषिकोंडा किनाऱ्याचा झेंडा 2025 मध्येच अस्वच्छतेच्या तक्रारींवरून काढून घेतला होता. मग धावाधाव झाली, साफसफाई झाली, झेंडा परत मिळाला. आमच्याकडे एकदा लावलेली गोष्ट काढून घेण्याची पद्धत नाही. ती आपण होऊन पडते.

आता वेंगुर्लं. दहाएक वर्षांपूर्वी मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या नगरपरिषदेने कचरा घराघरातून वेगळा करून घ्यायला सुरुवात केली, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात घातलं, आणि कचरा डेपोच्या जागेचं ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ करून टाकलं. लोक कचरा डेपो बघायला सहली काढू लागले. आमच्या गावानेही हे साधलंय, फक्त उलट्या बाजूने: पर्यटन स्थळाचा कचरा डेपो. वेंगुर्ल्याचे लोक काही वेगळ्या मातीचे नाहीत. तिथे परदेशातून तंत्रज्ञही आणले नव्हते. रोजचं काम रोज करून घेतलं, एवढंच. आमच्याकडून अभ्यासदौरा मात्र जाऊन आला. जेवण उत्तम होतं, असा अहवाल आहे.

आपलंही थोडं बोलू, नाहीतर आपण तेवढे निर्मळ ठरू. एकतीस डिसेंबरला ओल्या वाळूत गाडी घालून चक्कर मारणारा, मग भरती आली की ट्रॅक्टरसाठी टाहो फोडणारा, तो आमच्या गावचा नसतो. पण रात्री मच्छीची थर्माकोलची खोकी आणि हॉटेलातल्या पत्रावळी ओहोळाच्या तोंडाशी नेऊन टाकणारा आमचाच असतो, आणि सकाळी किनारा स्वच्छता मोहिमेच्या फोटोत तो हातमोजे घालून पहिल्या रांगेत दिसतो. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला 1997 साली. तेव्हापासून आपण सगळे पर्यटकाची वाट बघतोय. तो आल्यावर कुठे बसेल आणि कुठे जाईल, हे अजून ठरायचंय.

नवे नगरसेवक आता सभागृहात बसले आहेत. अंदाजपत्रकाची प्रत मागितली तर मिळते. नाही मिळाली तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. त्यात ‘सुशोभीकरण’ आणि ‘देखभाल-दुरुस्ती’ या दोन ओळींसमोरचे आकडे बघा आणि आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला फोन लावा. निवडून येऊन फार दिवस झालेले नाहीत, अजून उचलेल.