मिश्र कळप पाळू इच्छिणाऱ्या सज्जनांस

परड्यात चार कोंबड्या सोडल्या की त्या आपल्या आपण चरतात, आपल्या आपण घरी येतात आणि आपल्या आपण अंडी घालतात, असे ज्यांना शहरात राहून वाटत आले आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. गावात राहणाऱ्यांना त्याची गरज नाही. ते वाचून हसतील, त्यांना हसू द्यावे. कोंबड्या, बदके, टर्की आणि गिनी फाऊल एकाच दाराआड कसे नांदवावेत, हा आपला विषय. शास्त्र म्हणते, नांदवू नयेत. कोंबडीच्या पोटातल्या जंताबरोबर एक रोग टर्कीत शिरतो आणि थेट यकृत पोखरतो. कोंबडी मात्र ठणठणीत राहते आणि त्याच मातीत उकरत बसते. शहाण्याने कोंबड्यांच्या परड्यात टर्की आणू नये. तुम्ही आणणार आहात, असे धरून पुढे जाऊ.

कळप गावरान असावा असा आग्रह धरावा; आग्रहाला पैसे पडत नाहीत. प्रत्यक्षात आणलेल्या पिलांपैकी कुणाचे खानदान बंगळुरूच्या गिरिराजाचे, कुणाचे हैदराबादच्या वनराजाचे, आणि तांबड्या कोंबड्याचे तर थेट अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचे निघेल. हौसेने एक कडकनाथही घ्याल. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून कडकनाथवाल्याशी बोलताना आपणच आवाज खाली आणून बोलावे, हे बरे. वर्षभरात ही मंडळी आपसांत सोयरिकी जुळवतात आणि जे काही अंड्यातून बाहेर पडते त्याला सर्वानुमते गावरान म्हणतात. पुण्याच्या पाहुण्याने ‘गावरानच ना?’ असे विचारले तर ‘गावातच जन्मलंय’ असे सांगावे. यात खोटे काही नाही.

मात्र एक तरी अस्सल देशी कोंबडी ठेवावीच. वर्षाला साठ-सत्तर अंडी देईल, तीही मर्जीने. पण ती खुडूक बसते; सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा बसत नाहीत. अंडी घालणे हे त्यांचे काम. पुढचे सरकारने बघावे, अशी त्यांची भूमिका असते.

खुराडे बांधण्याआधी गवंडी, सुतार आणि शेजारचे तात्या या तिघांची मते घ्यावीत. ती जुळणार नाहीत. तात्यांचे ऐकावे, कारण खुराड्याची भिंत त्यांच्या बांधालगत येणार आहे. जाळी बारीक असावी. डोके आत गेले की मुंगसाचे बाकीचे अंग विनातक्रार मागोमाग येते. कोंबड्यांना झोपायला आडवी काठी लागते. बदके खाली बसतात आणि सकाळपर्यंत भुश्शाचा चिखल करून ठेवतात. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत जातात, बदकांना काठीने वळवून आणावे लागते, आणि गिनी फाऊल तुमच्याकडे पाहत आंब्यावर चढतात. त्यांना आणल्यावर काही आठवडे कोंडून ठेवावे म्हणजे घर ओळखतात, हा सल्ला बरोबर आहे. घर ते ओळखतातच. राहतात आंब्यावर.

तरीही गिनी फाऊल ठेवावेत, कारण राखण करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. साप दिसला की ओरडतात, घार दिसली की ओरडतात. दूधवाला, मीटर रीडिंगवाला, नवी चादर, वाळत घातलेली लुंगी आणि तुमचा मेहुणा यांच्यासाठीही तोच सूर, तेवढाच वेळ. खरा साप कोणत्या ओरडण्यात आहे हे ज्याचे त्याने ओळखावे.

आता अंडी. कोंबडीला एक अंडे तयार करायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते, शेवटी दुपार टळते आणि एक दिवस खाडा पडतो. नवशिका या खाड्याने घाबरतो. खाडा चार दिवस चालला तर मात्र कोंबडीच्या मागे जावे. ती कुंपणाच्या फटीतून निघेल, इकडे-तिकडे बघेल, उकिरड्यावर दोन पाय मारून तुम्हाला फसवेल आणि शेजारच्या काकूंच्या कडब्याच्या गंजीत शिरेल. तिथे पेंढ्यांच्या मध्ये सुबक खळगा असतो आणि खळग्यात एक अंडे असते. हे अंडे कायम तिथेच असते. कोंबडी जिथे अंडे दिसेल तिथे अंडे घालते, हे काकूंना लग्नाआधीपासून माहीत आहे. भांडू नये. कोंबडी तुमची, गंजी काकूंची, आणि अंडे कुणाचे हा प्रश्न गावात कुणी मोठ्याने विचारत नाही.

बदकाची अंडी उबवायला देशी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत, कारण आपल्याकडची बदके मधेच उठून हिंडायला जातात. कोंबडीचे पिलू 21 दिवसांत निघते, बदकाला 28 लागतात. आठवडाभर जादा बसवल्याबद्दल कोंबडी काही बोलत नाही. अधूनमधून अंड्यांवर कोमट पाण्याचा हात फिरवावा. पिले निघाली की ती त्यांना घेऊन परडे दाखवायला निघते, कणी कशी टिपायची ते चोचीने करून दाखवते, आणि सगळे कौतुकाने चालते. मग पाट लागतो. पिले तिच्या पायांमधून सटकून एकामागोमाग पाण्यात उतरतात आणि मजेत तरंगत जातात. कोंबडी काठाने धावते. पिसे फुलवून, मान पुढे काढून, क्लक-क्लक करत ती पाटाच्या वळणापर्यंत जाते, एक पाय पाण्यात टाकते, झटकते, पुन्हा मागे पळत येते. बघायला आळीतली पोरे जमतात. तिला उचलून घरी आणावे असे वाटेल. आणू नये, ती टोचते. पिल्ले दमली की आपण होऊन तिच्या पंखाखाली शिरतात, ओलीच्या ओली.

कळपात नवा पक्षी सोडायचा तर रात्री, अंधारात, बाकीच्यांशेजारी काठीवर बसवून द्यावा. सकाळी तंटा होतोच, पण आधीच्यांची खात्री थोडी डळमळलेली असते. कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड कोंबड्यांत ठरलेली असते, हे थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने 1921 च्या सुमारास मांडले. तुमच्या आजीला ते आधीच ठाऊक होते, पण तिला कुणी विचारले नव्हते.

खरी कसोटी लशीची. मानमोडी म्हणजे राणीखेत आली की आठवड्यात खुराडे रिकामे. उत्तराखंडातल्या थंड हवेच्या गावाचे नाव या रोगाला का पडले, तर आपल्या देशात तो पहिल्यांदा तिथे नोंदला गेला. त्या गावाने पर्यटनासाठी काही केले असेल तर त्यावर पाणी पडले. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी, कातडीखाली टोचून. एवढे सोपे. अडचण अशी की बाटलीत डोस शंभर असतात, तुमचे पक्षी पंधरा, आणि लस एकदा विरघळवली की बर्फावर ठेवूनही दोनेक तासांत संपवावी लागते. शिवाय शेजारची कोंबडी बिनलशीची राहिली तर तुमच्या खुराड्याला धोका कायम.

तेव्हा पंच्याऐंशी कोंबड्या गोळा कराव्या लागतात, म्हणजे पंच्याऐंशी कोंबड्यांचे मालक. पहाटे, खुराडी उघडण्याआधी, बर्फाचा थर्मास घेऊन घरोघर फिरावे. या एका फेरीत आळीचा इतिहास कळतो. वरच्या घरचे खालच्या घरच्यांसमोर कोंबडी धरणार नाहीत, कारण बोळाचा वाद कोर्टात आहे. तात्या म्हणतील, ‘आमच्या कोंबड्यांना कधी काही होत नाही,’ आणि सगळ्यांचे झाले की सात कोंबड्या काखेत घेऊन दारात उभे राहतील. काकू आपल्या चार आणतील. पाचवी तुमची असेल, तिच्या पायाला काकूंच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली. तिलाही टोचावे. एकाने पंख धरावेत, एकाने सुई, आणि एकाने थर्मासचे झाकण, जे पाचव्या मिनिटाला हरवते. शंभर डोस संपेपर्यंत आंब्यावरचे गिनी फाऊल ओरडत राहतील. त्यांना लस देणे राहून जाते. तो विषय पुढच्या वेळी.

शेवटी पाहुणे. रविवारी कोंबडा कापायचा तर शनिवारी रात्रीच काठीवरून उचलून डालग्याखाली झाकावा. सकाळी तो हाती लागत नाही. पण ओट्यावर डालगे पालथे दिसले की रात्रीतच आळीला समजते उद्या काय आहे ते. लशीच्या पहाटेनंतर वाटीभर रस्सा कुणाकुणाला द्यायचा, याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. काकू, तात्या, वरचे, खालचे, सुई धरलेला पोरगा, थर्मासवाला. दीड किलोच्या कोंबड्यात हे बसत नाही. अशा वेळी डालगे उचलून कोंबडा सोडून द्यावा आणि पाहुण्यांना अंड्याचा रस्सा करावा. अंडी काकूंकडे मिळतील.