पाच युनिटांचा पालक

पालककाका तुमच्याही कॉलनीत असतीलच. गेट वाजलं की जुडी आली, आणि जुडीमागून भाषण. आमचे काका खापरखेड्याचे, वीज केंद्रातून निवृत्त झालेले. अंगणात त्यांनी पालकाचे पाच वाफे केलेत, चार लहान आणि एक मोठा. का? तर केंद्रात 210 मेगावॉटचे चार संच आहेत आणि 500चा एक! वाफ्यांचे नंबरही तेच.

‘‘कसं काय काका?’’ म्हटलं तर तब्येत सांगत नाहीत. ‘‘तीन नंबर फुल लोडवर आहे. दोन ट्रिप झाला नं बापा!’’ म्हणजे मावा पडला. निंबोळी अर्क फवारला की मेंटेनन्स. पेरणीनंतर महिनाभरानं पहिली कापणी झाली की युनिट सिंक्रोनाइज. मुळासकट उपटायचं नाही, बोटभर देठ ठेवून कापायचं, म्हणजे पुन्हा फुटतो. हे ऐकल्याशिवाय जुडी हातात पडत नाही. पाच नंबरवर तर त्यांचा एवढा जीव, की त्याला पाणी घालताना फोनही उचलत नाहीत. काकूंनी एकदा सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायला जागा मागितली. उत्तर मिळालं, ‘‘सहाव्या युनिटाला मंजुरी नाही.’’

शिवाय ज्ञान. आपला पालक बिटाच्या कुळातला, परदेशातला स्पिनॅच वेगळा. हे खरं आहे, पण सकाळी साडेसहाला कोणाला हवंय?

जुडी नेहमी निथळत असते. सोफ्यावर ठेवतात, डाग पडतो. बायकोनं शेवटी विचारलंच, ‘‘काका, ओली काहून आणता जी?’’ काका गप्प. उत्तर काकूंनी दिलं. कोळशाच्या गावात पानावर राख बसतेच. काका प्रत्येक जुडी तीन पाण्यांतून धुतात. कुणी पान पाहून प्लांटला नाव ठेवलेलं त्यांना खपत नाही. आणि स्वतः? मूतखडा आहे. पालकात ऑक्झलेट फार, म्हणून डॉक्टरांनी बंद केलाय. पाच युनिटांचं सगळं जनरेशन शेजाऱ्यांना. स्वतःच्या घरी कायमचं लोडशेडिंग.

त्या पालकाची पातळभाजी मात्र, चण्याची डाळ, शेंगदाणे आणि वरून लसणाची फोडणी, अशी फर्मास होते की सोफ्याचा डाग माफ. खायची असेल तर मार्चच्या आत या. एप्रिलच्या उन्हात पालकाला दांडा सुटतो आणि पाचही युनिटं बंद पडतात.