प्रिय फर्स्टनेम, सा. न. वि. वि.

आमच्या भाच्याला नोकरी लागली तेव्हा ताईने पेढे वाटताना सांगितलं, "पत्रं लिहायचं काम आहे." शेजारच्या काकूंना वाटलं मुलगा पोस्टात लागला. "बरं झालं बाई, चिंता मिटली," असं म्हणून त्यांनी आणखी एक पेढा घेतला.

भाचेबुवा पुण्यात आंबे विकणाऱ्या एका कंपनीत ईमेल लिहितात. कोकणातला हापूस, पेटीबंद, घरपोच. त्यांच्या लिस्टवर ४० हजार माणसं आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा असं वाटायला हवं, की हा मुलगा पहाटे उठून केवळ आपल्यासाठी अढी चाचपत बसला होता. प्रत्यक्षात झाडावरच्या आंब्याशी त्याचा संबंध एकदाच आला. लहानपणी मी त्याला रत्नागिरीला नेलं होतं. आंबा घाटात त्याला एसटी लागली आणि पुढचे दोन दिवस तो मऊभात खाऊन पडून होता. याच सहलीवर त्याने आजवर सहा मेल लिहिल्या आहेत. सगळ्यांत मातीचा वास येतो.

ईमेल लिहिणाऱ्यांची ही जमात ओळखायला सोपी. ही माणसं वाक्य पुरं करत नाहीत. परवा भाचा दारातून आत आला, "मामा, तुला एक गोष्ट सांगायचीय…" एवढं म्हणाला आणि स्वयंपाकघरात निघून गेला. दोन मिनिटं मी वाट पाहिली, मग पेपर ठेवून मागोमाग गेलो.

"काय सांगायचंय?"

"गॅसवर दूध आहे."

"मग तिथेच सांगायचंस की!"

"तिथे सांगितलं असतं तर तू उठला असतास का? तू उघडलंस, मामा. हेच महत्त्वाचं."

दूध तोवर उतू गेलं होतं.

त्याचा सगळा जीव सब्जेक्ट लाइनीत. मोबाइलवर लांब ओळ अर्ध्यात कापली जाते, म्हणून सगळी मोहिनी चार-पाच शब्दांत घालायची. एका मेलसाठी तो पंचवीस-तीस ओळी लिहितो. 'आंबा आला' ही ओळ मला चांगली वाटली होती, पण तीत म्हणे भावना नाही. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एवढी सरळ बातमी, पण दर मोसमात ती 'आता आमच्याकडे पुरावा आहे' अशी पोलीस चौकीवरून आल्यासारखी जाते. एका रविवारी भल्या सकाळी 'शेवटचे काही तास' अशी मेल गेली. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांनी कंपनीत फोन लावला आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोणाचे?"

प्रत्येक धंद्याची पुराणं असतात, तशी यांचीही आहेत. गॅरी थर्क हा आदिपुरुष. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या या विक्रेत्याने मे १९७८मध्ये आपल्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या जवळजवळ ४०० लोकांना एकदम पाठवली. लोक खवळले आणि माल खपला. धंद्याची ही दोन्ही लक्षणं पहिल्याच दिवशी दिसली होती. भाचा हे इतक्या भक्तीने सांगतो की मला एकदा राहवलं नाही. म्हटलं, अरे, आमच्या लहानपणी देवीच्या नावाने पोस्टकार्डं यायची. 'अशीच अकरा पत्रं लिहून पाठवा. अमक्याने पाठवली, त्याला धनलाभ झाला. तमक्याने फाडून टाकलं, त्याचा बैल मेला. मुदत नऊ दिवस.' समाधानी ग्राहक आहे, असमाधानी ग्राहक आहे, मुदत आहे, काय करायचं ते स्पष्ट लिहिलंय. तुझ्या मेलमध्ये आणखी वेगळं काय असतं? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बैलाचं चांगलं आहे," आणि मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं.

त्याची दुसरी आवडती कथा ओबामांची. २०१२च्या निवडणुकीत त्यांच्या चमूने निधी मागणाऱ्या एका मेलसाठी डझनभराहून अधिक ओळी आधी थोड्या लोकांवर आजमावून पाहिल्या. विरोधक माझ्यापेक्षा जास्त खर्च करणार, अशा अर्थाची रडकी ओळ जिंकली आणि त्या एका मेलने २६ लाख डॉलरच्या वर गोळा केले. त्याच मोहिमेत इंग्रजी 'हे' (Hey) एवढा एकाक्षरी विषयही फार चालला. यात नवल कसलं ते मला कळलं नाही. आमच्या आईने बाबांना जन्मभर 'अहो' एवढ्याच सब्जेक्ट लाइनीवर हाक मारली. ओपन रेट शंभर टक्के.

थोड्यांना एक मजकूर, थोड्यांना दुसरा, जो जास्त उघडला जाईल तो उरलेल्यांना, हा प्रकार भाच्याच्या रक्तात इतका भिनलाय की ताईने त्याच्यासाठी स्थळं बघायला घेतली तेव्हा त्याने स्वतःच्या परिचयपत्राचे दोन मसुदे केले. एकात 'मनमिळाऊ', दुसऱ्यात 'कमी बोलतो, पण…' निम्म्या स्थळांना हे, निम्म्यांना ते. खाली केशरी रंगाचं बटण: 'पत्रिका पाहा'. तीन दिवसांनी ताईने विचारलं, "कुणाचं काही आलं का रे?" तर म्हणाला, "दुसरा मसुदा पुढे आहे." ताई म्हणाली, "मेल्या, मुलगी कुठली पुढे आहे ते बघ!"

कोण काय उघडतं हे त्याला कळतं कसं? तर मेलमध्ये एक ठिपका दडवलेला असतो, एक पिक्सेल उंच, एक पिक्सेल रुंद. ते चित्र आपल्या यंत्रावर उतरलं की तिकडे चुगली होते. एकदा जेवताना तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मामा, रात्री सव्वादोनला पायरीची मेल तीनदा का उघडलीस? झोप लागत नाही का?" मला मधुमेह आहे. पुढचा आठवडा बायको माझ्याशी ज्या स्वरात बोलली तो इथे लिहिण्यासारखा नाही.

पुढे २०२१मध्ये ॲपलने ती चित्रं स्वतःच आधी उतरवून घ्यायची सोय केली, त्यामुळे न वाचलेली मेलसुद्धा वाचल्यासारखी दिसू लागली. तेव्हा भाच्याचा चेहरा सुतक असल्यासारखा झाला होता. "उघडलीय असं दिसतं, मामा. पण कळत नाही, खरंच उघडली का." मी म्हटलं, लग्नाला तीस वर्षं झाली की हे सवयीचं होतं.

त्याहून मोठा घाव फेब्रुवारी २०२४मध्ये बसला. जीमेल आणि याहूने ठोक मेल पाठवणाऱ्यांना बजावलं, की एका क्लिकमध्ये नाव कमी करता आलं पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहिल्या पाहिजेत. "म्हणजे हजारात तीन माणसं चिडली की संपलं!" भाचा कळवळून म्हणाला. पुण्यात हजारात तीन न चिडलेली माणसं शोधून दाखव म्हणावं. कोणी नाव कमी केलं की तो ते मनाला लावून घेतो. कारण विचारणारा अर्ज पाठवतो, त्यात 'आम्ही काही चुकलो का?' असा रकाना असतो. एकाने लिहिलं, 'आंबा संपला, जून आहे.'

यंदा अक्षय्य तृतीयेला मात्र कहर झाला. नावाच्या जागी आपोआप नाव यायचं ते आलंच नाही, आणि ४० हजार घरांत पहाटे सहाला 'प्रिय फर्स्टनेम' असा टाहो पोचला. चौघांनी कळवलं, की फर्स्टनेम इथे राहत नाहीत. भाच्याने रडकुंडीला येऊन 'आमची चूक झाली' अशी दुसरी मेल धाडली, ती मोसमात सर्वांत जास्त उघडली गेली. तेव्हापासून त्याच्या चुकांवर माझा विश्वास उरलेला नाही.

या लिस्टवर माझी आईही आहे, म्हणजे त्याची आजी. वय ८४. पत्र आलं की उत्तर द्यायचं असतं, एवढंच तिला ठाऊक. त्यामुळे ती प्रत्येक मेलला टॅबलेटवर एका बोटाने उत्तर लिहिते. ती उत्तरं ग्राहकसेवेतल्या मुलीकडे साठत गेली आणि एक दिवस तिने तो गठ्ठा हसत हसत भाच्याकडे पाठवला. 'चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. तुझी पत्रे पोचली. माल थोडाच उरला असे चौथ्यांदा लिहितोस, खपत नाही काय? मालकांशी जपून असावे. ता. क. झोपेची वेळ पाळावी.'

त्या संध्याकाळी तो आजीला उत्तर लिहायला बसला. एका माणसाला. लिस्ट नाही, बटण नाही, मुदत नाही. 'ती. आजीस' लिहिलं आणि खोडलं. नंतर काय लिहायचं ते सुचेना. नऊ वाजता जेवायला उठला, परत बसला. दहाच्या सुमारास सवयीने आधी विषयाची ओळ लिहिली, 'आजी, तुला एक गोष्ट सांगायचीय…', आणि बोट चुकून भलत्याच ठिकाणी पडलं. खाली मजकूर कोरा.

साडेदहाला आईने मला हलवून उठवलं. टॅबलेट माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "याला पैसे हवेत वाटतं. पाचशे पाठव, उशीर नको."