निघालेल्याचे वडील

मे महिना लागला की कोथरूड, डोंबिवली, ठाणे, नाशिक अशा सगळ्या ठिकाणी एक गृहस्थ दिसू लागतात. वय पंचावन्न ते साठ, नोकरी बँकेत, एमएसईबीत नाहीतर पाटबंधारे खात्यात. ऑगस्टमध्ये अमेरिकेला एमएससाठी निघालाय तो यांचा मुलगा. पण तो दुपारी बारापर्यंत झोपलेला असतो आणि निघण्याची सगळी लगबग यांच्या अंगात शिरलेली असते. व्हिसा, फॉरेक्स, शिक्षणकर्ज हे इतर बापही बघतात. यांचं खातं वेगळं. जिन्यात शेजारी भेटला की ते "काय, चहा झाला का?" असं विचारत नाहीत. "तुमच्या चिरंजीवांचा एमएमआरचा दुसरा डोस झाला का?" असं विचारतात. शेजाऱ्याचे चिरंजीव सातवीत असतात.

या गृहस्थांचा अवतार युनिव्हर्सिटीच्या एका ईमेलमधून होतो. व्हिसाच्या खिडकीवर लशीबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नसतं, कारण विद्यार्थ्याच्या व्हिसाला लस लागतच नाही. ती मागते युनिव्हर्सिटी, बहुतेक वेळा त्या राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून. गोवर-गालगुंड-रुबेलाचे, म्हणजे एमएमआरचे, दोन डोस; धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची टीडॅप; मेनिंजायटिसची एक; कुठे कावीळ 'बी'चे तीन, कुठे कांजिण्यांचे दोन; वर क्षयाची तपासणी. पुरावा दिला नाही तर नोंदणीवर 'होल्ड'. मुलाच्या बावीस वर्षांच्या आयुष्यात त्याच्या एकाही तापाला न घाबरलेला हा माणूस त्या एका शब्दाने गर्भगळीत होतो. गोवराने काय होतं हे त्यांना ठाऊक नसतं. होल्डने काय होतं, हे मात्र त्यांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागून वाचलेलं असतं.

मग घरात उत्खनन सुरू होतं. बाळाचं डोसांचं कार्ड हवं असतं.

"तुझ्याकडेच होतं."

"अहो, घर बदललं तेव्हा रद्दी तुम्हीच काढलीत."

चार दिवसांनी कार्ड एलआयसीच्या बंद पडलेल्या पॉलिसीत सापडतं. त्याच्या मागच्या बाजूला एका महिन्याचा दुधाचा हिशेब आणि कोण्या प्लंबरचा नंबर असतो. पुढच्या बाजूला 'ट्रिपल-पोलिओ' एवढं वाचता येतं. बाकीचं डॉक्टरांनी लिहिलेलं असल्यामुळे येत नाही. ते डॉक्टर निवृत्त झालेले, दवाखान्याच्या जागी मोमोवाला बसलेला. शिक्का कोण मारणार?

"त्याला गोवर झाला होता की," आई सांगते. "चांगला बाहेर पडला होता. आठ दिवस उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला होता. तसं लिहून द्या ना त्यांना."

पोर्टलवर कडुनिंबाला रकाना नसतो.

त्यातून कार्ड वाचता आलंच, तर खरी पंचाईत पुढे असते. मुलाचा जन्म जून 2003चा. कार्डावर एमएमआरची तारीख 4/9/2004, म्हणजे चार सप्टेंबर, वय पंधरा महिने, सगळं यथासांग. अमेरिका ही तारीख नऊ एप्रिल वाचते. त्या हिशेबाने बाळ दहा महिन्यांचं ठरतं आणि पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस तिकडे मोजतच नाहीत. डोस बाद. त्याच नियमाने आपल्याकडे सरकारी दवाखान्यात नवव्या महिन्यात टोचलेली गोवराची लसही बाद. "अरे, गोवर काय वाढदिवस विचारून येतो का?" हे वडील मुलाला विचारतात. मुलगा कानातले इअरफोन काढून "काय बाबा?" म्हणतो.

यावर उतारा म्हणजे टायटर, अर्थात रक्तात अँटिबॉडी आहेत का याची तपासणी. रिपोर्टात गोवर पॉझिटिव्ह येतो. आई सगळ्या सोसायटीला सांगते, "मी म्हणत नव्हते?" रुबेला मात्र निगेटिव्ह येतो, त्यामुळे एमएमआर घ्यावी लागते ती लागतेच.

आता वडील भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवतात. एमएमआरच्या दोन डोसांत किमान 28 दिवस हवेत. कांजिण्यांची लस एमएमआरच्याच दिवशी घ्या, नाहीतर तिच्यासाठीही 28 दिवस थांबा. क्षयाची मांटू तपासणी एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी. ती वेळ हुकली तर पुन्हा चार आठवडे. पाटबंधाऱ्यात असताना एका कालव्याचं वेळापत्रक ज्यांनी अकरा वर्षं पुढे ढकललं, ते हे वेळापत्रक तीन रंगांच्या पेनांनी एका रात्रीत बसवतात. संकष्टीच्या चंद्राशेजारी लाल शाईत 'टीडॅप' उमटतं. "दुसरा डोस अमावास्येला येतोय हो," एवढीच हरकत आई घेते.

मांटू हा या नाटकातला विनोदी प्रवेश. आपल्याकडे जन्मतःच डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. अमेरिकेत ती सरसकट कधीच दिली गेली नाही. त्या बीसीजीच्या पुण्याईने कधीकधी मांटूची जागा क्षय नसतानाही टरारून सुजते. ती 48 ते 72 तासांत तज्ज्ञाने मोजायची असते, पण वडील मुलाच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन दर तीन तासांनी स्वतःच मोजतात आणि "अकरा मिलिमीटर!" असं शेअरचा भाव सांगावा तसं स्वयंपाकघरात ओरडून सांगतात. शेवटी बीसीजीने न फसणारी रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, आणि आणखी दोन पावत्या.

पावत्यांबद्दल त्यांची तक्रार नसते, हे नवल. एरवी हे गृहस्थ लशीच्या नावाने बोटं मोडणारे. "हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे" हे त्यांचं दर रविवारचं वाक्य. महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळणारी लस त्यांना संशयास्पद वाटते. मेनिंजायटिसचं काही हजारांचं इंजेक्शन मात्र ते औषधाच्या दुकानातून बर्फाच्या पिशवीत घालून, छातीशी धरून रिक्षातून आणतात. डॉक्टर दुष्परिणाम समजावून सांगू लागले की ते मध्येच थांबवतात. "ते राहू द्या डॉक्टर. सही लेटरहेडवर येईल ना?" मुलाच्या दंडात सुई जाताना ते आत नसतात. ते बाहेर पावतीच्या रांगेत उभे असतात, रांग नसली तरी.

गृहस्थ पुण्याचे असतील तर युनिव्हर्सिटीच्या आरोग्य केंद्राला एक खरमरीत पत्र जातंच. त्यात 1966 साली स्थापन झालेल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून लशी जगभर कशा गेल्या, हे असतं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिनने 1897 साली प्लेगची लस तयार करून आधी स्वतःलाच टोचून घेतली, हेही असतं. 'जगाला लस आम्ही पुरवायची आणि पुरावा आमच्याच पोराकडे मागायचा?' असा समारोप असतो. उत्तर अर्ध्या मिनिटात येतं: आपली फाइल पीडीएफमध्ये पाठवा.

या जमातीचं सुवर्णवर्ष 2021. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांत 84 दिवसांचं अंतर आणि विमान त्याआधीच. जूनमध्ये परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांना 28 दिवसांनंतर दुसरा डोस घ्यायची मुभा मिळाली, ती बातमी यांना सरकारच्या आधी कळली होती. सर्टिफिकेटावर पासपोर्टचा नंबर चढवायला यांनी अख्ख्या इमारतीला मदत केली. ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली होती त्यांच्याकडे मात्र ते पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखे बघत. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळायला 3 नोव्हेंबर उजाडला.

मुलगा जातो, पण वडिलांचं ज्ञान घरीच राहतं. मग ते सल्लागार होतात. केनियाला निघालेल्या सेल्समनला पीतज्वराचं पिवळं कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि आता जन्मभर चालतं, हे तेच सांगतात. जर्मनीला लहान मुलं घेऊन निघालेल्या जोडप्याला गाठून, तिथे मार्च 2020पासून गोवराच्या लशीचा पुरावा दाखवल्याशिवाय पाळणाघरात पोर घेत नाहीत, हेही तेच बजावतात. जोडप्याने विचारलेलं एवढंच असतं, की पार्किंगमधली गाडी जरा मागे घेता का?

पाच-सहा वर्षांनी अमेरिकेहून फोन येतो. सून बाळंत व्हायची असते.

"बाबा, तुम्ही दोघं यायच्या किमान दोन आठवडे आधी टीडॅप घ्या. आणि फ्लूची. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय."

"व्हिसाला लागत नाही ती," वडील तत्काळ म्हणतात.

"व्हिसाला नाही बाबा. बाळाला डांग्या खोकला होऊ नये म्हणून. ते दोन महिन्यांचं होईपर्यंत त्याला स्वतःची लस देत नाहीत."

आजी दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणायला जाते, ती येताना दोन्ही लशी टोचून घेऊन येते आणि कुकर लावते. आजोबा मात्र अभ्यासाला लागतात. आमच्या पिढीला देवीची लस झालेली आहे, हे बघ अजून दंडावर व्रण आहेत. आम्ही तुला न टोचता मांडीवर घेतलं, काय झालं तुला? डॉक्टर गावाला गेलेत. आज दशमी आहे. शेवटी आजीच विचारते, "अहो, सुईला घाबरता का?"

सगळी इमारत लशींसाठी ज्यांचा सल्ला घेते, त्या गृहस्थांनी 1970च्या दशकात शाळेत देवीची लस टोचायला आलेल्या माणसाला बघून खिडकीतून उडी मारली होती, ही माहिती तेव्हा बाहेर येते. पुढच्या सोमवारी ते दवाखान्यात जातात, डोळे मिटून दंड पुढे करतात, आणि डोळे उघडल्याबरोबर विचारतात, "शिक्का?" त्या सर्टिफिकेटाच्या सहा झेरॉक्स निघतात. तारखेत महिना अक्षरात लिहून घेतलेला असतो.

नेवार्कच्या विमानतळावर अधिकारी विचारतो, "बॅगेत काही फळं?" आजोबा आत्मविश्वासाने लशीचं सर्टिफिकेट पुढे करतात. तो ते बघतो, "छान" म्हणून परत देतो आणि बॅग उघडायला सांगतो. आजीने पोराच्या आठवणीने साड्यांच्या घडीत चार हापूस ठेवलेले निघतात. हापूसला 2007पासून अमेरिकेत रीतसर प्रवेश आहे, पण तो लासलगावला किंवा वाशीला विकिरण होऊन, कागदपत्रांसह आला तर. आजोबांचे दोन्ही डोस पूर्ण होते. हापूसचा एकही झाला नव्हता.