अस्सल, घरगुती आणि ऑब्जेक्टेड

लोकांना नावं ठेवण्यात उभं आयुष्य गेल्यामुळे मसाल्याला एक नाव ठेवणं हा माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटत होतं. निवृत्तीनंतर बायकोच्या गोड्या मसाल्याचा धंदा करायचं ठरलं. ती भाजणार, कुटणार, पाकिटं भरणार; मी नाव ठेवणार. ठेवलं: ‘अस्सल घरगुती गोडा मसाला’. छपाईवाला म्हणाला, “काका, पुढे वर्तुळातला आर टाकू का? भारी दिसतो.” म्हटलं, टाक. पाच हजार पाकिटांवर पडला.

मग भाचा म्हणाला, ट्रेडमार्क घ्या. ऑनलाइन अर्ज, व्यक्तीच्या नावाने एका वर्गाला ४,५०० रुपये. वर्ग एकूण ४५, त्यातले ३४ मालाचे, बाकीचे सेवांचे. मसाला तिसाव्या वर्गात, लोणचं एकोणतिसाव्या. म्हणजे लोणच्याचे ४,५०० वेगळे. आमच्या फडताळात दोघं शेजारी बसतात, पण सरकारदरबारी त्यांचा सोयरसंबंध नाही.

काही महिन्यांनी अर्जापुढे ‘ऑब्जेक्टेड’ असं झळकलं. हरकत! माझा संशय सरळ समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंवर. त्याही मसाला विकतात, आणि माझ्या कितीतरी आधीपासून. मी मंडईत त्यांना पाहून कोथिंबिरीत तोंड घातलं. संक्रांतीला त्यांचा तिळगूळ घेतला, पण गोड बोललो नाही.

शेवटी एक ट्रेडमार्क एजंट गाठला. तो म्हणाला, “काका, ही हरकत सरकारी परीक्षकाची आहे. लोकांचा विरोध पुढे, नाव जर्नलमध्ये छापून आल्यावर. त्याला चार महिने मुदत असते आणि त्याला ‘अपोज्ड’ म्हणतात.” काकूंना माझ्या अर्जाचा पत्ताही नव्हता.

परीक्षकाच्या अहवालात ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ होतं. मसाला सगळ्यांचाच, गोडाही, घरगुतीही, आणि ‘अस्सल’ तर भेसळवालासुद्धा लिहितो. मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव एकट्याला बहाल होत नाही. “पण आमचा खरंच घरगुती आहे,” मी म्हणालो. एजंट म्हणाला, नसता तर ग्राहकाची दिशाभूल म्हणून याच कलमात अडकला असता. वर्षानुवर्षांच्या वापराने अशा नावालाही ओळख मिळते आणि मग नोंदणी होऊ शकते. पण आमचा मसाला आजवर फक्त नातेवाइकांत खपला होता, तोही उधारीवर.

एवढ्यात त्याची नजर पाकिटावरच्या आरवर गेली आणि त्याने चष्मा काढून ठेवला. नोंदणी झाल्याशिवाय तो आर लावणं दंडनीय आहे. तोवर फार तर ‘टीएम’ लिहावं. त्या रात्री आम्ही जेवणाच्या टेबलावर काळा मार्कर घेऊन बसलो. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. अंगठा लागला की आर पुन्हा हसत वर येतो. मग चिकटपट्ट्या आणल्या.

नव्या नावासाठी घरात समिती बसली. मेव्हण्याने पोथीपुराणातलं सुचवलं. एजंटने ‘रामायण’ अगरबत्तीचा खटला सांगितला: २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की धर्मग्रंथाच्या नुसत्या नावावर कुणा एकाला मक्ता सांगता येणार नाही. मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. एका नामांकित मसाल्याचंच नाव, फक्त एक अक्षर बदलून. यावर एजंटने ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ यांचा खटला काढला. तिथे न्यायालयाने सर्वसाधारण बुद्धीचं, अर्धवट आठवणारं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवलं आणि ते या दोन नावांत फसेल असं म्हटलं. हे वर्णन ऐकताना बायको माझ्याकडे बघत होती.

नाव अखेर तिनेच दिलं. आमच्या धाकटीला लहानपणी दगडफूल म्हणता येत नसे. ती ‘गदफूल’ म्हणायची. एजंटने विचारलं, “याचा काही अर्थ होतो?” नाही म्हटल्यावर तो इतका खूश झाला की त्याने चहा मागवला. ‘कोडॅक’लाही अर्थ नव्हता म्हणे, जॉर्ज ईस्टमनने ते १८८८ साली असंच घडवलं होतं. आम्ही नवा अर्ज भरला. नोंदणी झाली की दहा वर्षांची, पुढे फी भरून वाढवायची.

काकूंशी आता मी बोलतो. त्यांच्याकडे नोंदणी नाही, तरी नाव आधीपासून वापरात असल्याने त्यांचा हक्क कायद्यात टिकतो, फक्त पुरावा लागतो. काकू हिशेब कॅलेंडरच्या पाठीमागे लिहितात आणि दर जानेवारीत कॅलेंडर रद्दीत घालतात. तुमचाही असाच धंदा असेल तर निदान यंदाचं कॅलेंडर विकू नका. आणि पाकिटं छापायच्या आधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या ‘आयपी इंडिया’ या संकेतस्थळावर नाव शोधून बघा. तो शोध फुकट आहे.