पणत्यांमधली पीएच.डी.

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये एक टेबल लागतं. त्यावर पणत्या, उटणं, कागदी पिशव्या. टेबलामागे विशेष शाळेच्या बाई, आणि बाईंच्या शेजारी, ज्यानं पणत्या रंगवल्या तो. वय बत्तीस, कानशिलाजवळ केस पांढरे व्हायला लागलेले. गिऱ्हाईक त्याच्याशी बोलत नाही, बाईंना विचारतं, "अय्या, यानं केल्यात? किती गोड!" मग त्याच्या गालाला हात लावून सहा पणत्या घेतं. तो सुटे पैसे परत देतो, बरोबर देतो, आणि त्याचंही टाळ्या वाजवून कौतुक होतं. बँकेतल्या कॅशियरला बरोबर सुटे दिल्याबद्दल पुण्यात कोणी टाळ्या वाजवल्याचं ऐकिवात नाही.

दिवाळी सरते, टेबल उचललं जातं आणि उरलेलं वर्षभर त्याचं 'प्रशिक्षण' चालू राहतं. कसलं? पणत्या रंगवण्याचं. कधीपासून? अठरा पूर्ण झाल्यापासून. गाइडनं कितीही रखडवलं तरी आपल्या विद्यापीठात इतक्या वर्षांत पीएच.डी. होते हो!

यात शाळांना बोल लावू नये. गोखलेनगरची 'कामायनी' ही बौद्धिक अक्षम मुलांची शाळा 1964 सालची. असं मूल पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवायचे ते दिवस. त्याला दप्तर-डबा देऊन रस्त्यावर आणलं, हेच केवढं मोठं काम! शाळांनी आपल्या वाटणीचं अर्धं केलं. पुढचं अर्धं कारखान्याचं, ऑफिसचं, दुकानाचं होतं. ते आपण 'तुम्हीच एक कार्यशाळा काढा की' असं म्हणत परत शाळांच्याच गळ्यात मारलं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरावा वाढदिवस होतो, केक कापला जातो आणि शाळेची गाडी यायची थांबते. मग आईवडील राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्व मिळवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज घेऊन जातात. म्हणजे इतर पोरं अठराव्या वर्षी आईबापांच्या तावडीतून सुटतात, हा सहीशिक्क्यानिशी त्यांच्या ताब्यात येतो. पालकत्वाला निदान समिती तरी आहे. नोकरीसाठी रांगच नाही, कारण खिडकीच नाही.

आता कोणी म्हणेल, आरक्षण आहे की. आहे ना. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. त्यासाठी परीक्षा. ज्याला भागाकार येत नाही, पण फायली नंबरवार लावणं तुमच्या-माझ्यापेक्षा चोख जमतं, त्यानं फायली लावायच्या जागेसाठी आधी दोन नळांनी टाकी किती वेळात भरेल ते सांगायचं. 2024 मध्ये पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर धुरळा उडाला. त्याचं काय ते कोर्ट बघेल. पण त्या निमित्तानं दिव्यांगत्वाचे चाळीस टक्के म्हणजे काय, हे अख्ख्या पुण्याला पाठ झालं. बाकी साठ टक्क्यांत हा माणूस काय काम करू शकेल, ते मात्र कोणी विचारलं नाही.

खासगीत तर सगळा प्रेमाचा मामला. सरकार प्रोत्साहन देईल आणि कामगारांत किमान 5 टक्के दिव्यांग असावेत, अशी कायद्याची इच्छा. हिंजवडी-खराडीच्या कंपन्या इच्छेचा मान राखतात. एकसारखे टी-शर्ट घालून चाळीस इंजिनियर विशेष शाळेची भिंत रंगवायला येतात, फुलपाखरं काढतात, फोटो काढतात. मुख्याध्यापिका धीर करून विचारतात, "आमच्या एकाला तुमच्या स्टोअरमध्ये घ्याल का?" उत्तर येतं, "मॅडम, मेल टाका."

काम जमतं का पण या मुलांना? एखाद्या कार्यशाळेत जाऊन जॉबवर्क बघा. पिशवीत दहा बोल्ट भरायचेत आणि भरणाऱ्याला दहापर्यंत मोजता येत नाही. बाईंनी लाकडी फळीला दहा भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकात एक बोल्ट. फळी भरली की पिशवीत उलटी करायची. अकरावा बोल्ट जाईल कुठे? आकडे येणारा माणूस मोबाइल वाजला की आठावर चुकतो, हा चुकत नाही. अडचण माणसाची नव्हतीच, फळीची होती. अशी एक फळी बनवायला किती वेळ लागतो, ते भोसरीतल्या कुठल्याही सुपरवायझरला विचारा.

अमेरिकेत शाळेनं मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत 'पुढे काय'चा आराखडा करायचा, असा कायदाच आहे. सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलात 1996 साली एरिन रील या नर्सनं त्याच्या पुढची पायरी गाठली. इमर्जन्सी विभागात औषधं-साहित्य वेळच्या वेळी भरलं जात नव्हतं. तिनं बौद्धिक अक्षम तरुणांना हाताशी घेऊन तिथल्या तिथे शिकवलं. त्यातून 'प्रोजेक्ट सर्च' उभं राहिलं: शाळेचं शेवटचं वर्ष वर्गात नाही, कामाच्या जागीच. आपण उलट करतो. आधी पूर्ण शिकवू, मग पाठवू. पोहायला आल्याशिवाय टिळक टँकवर पाय ठेवायचा नाही, तसलं.

तसं खडकीला हे गणित शंभर वर्षांपूर्वीच सुटलेलं आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी 1917 मध्ये मुंबईत निघालेली आणि पुढे खडकीत आलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. तिथल्या कोर्सला सुरुवात असते आणि शेवटही असतो. हातात एक धंदा घेऊन माणूस बाहेर पडतो.

स्वमग्न तरुणाला नोकरी न देण्याची कारणं मी ऐकली आहेत: नजरेला नजर देत नाही, गोड बोलत नाही, वेळ इकडची तिकडे झाली की बिथरतो, नियम सोडायला तयार होत नाही. अहो, हे वर्णन घेऊन लक्ष्मी रोडला गेलात तर चार मालक म्हणतील, आमच्याबद्दल कोण बोललं?

कामाआधी शिकवायचंच असेल तर पीएमपीची बस शिकवा. पाटी वाचणं, डेक्कनला उतरून दुसरी पकडणं, बस नाही आली तर कोणाला फोन करायचा. हातातलं काम अनेकांना येतं, कामावर पोचणं येत नाही. आणि रोज सोडणारे वडील सत्तरीला आलेले असतात.

आणि एवढं करून नोकरी लागलीच, तर? धरा, महिना आठ हजार, म्हणजे वर्षाचे 96 हजार. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांच्या घरासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार. 2025 मध्ये या योजनेतले दिव्यांगांचे महिन्याचे दीड हजारांचे अडीच हजार झाले, चांगलं झालं. पण चार घरचा स्वयंपाक करणाऱ्या बाईनं दाखल्यावर कसंबसं मर्यादेत बसवलेलं घर पोराच्या पहिल्या पगारालाच बाहेर पडतं. नोकरी कंत्राटी, अकरा महिन्यांची. रोजगार मेळाव्यात नेमणुकीचं लॅमिनेटेड पत्र पुढे करणाऱ्या साहेबांना ती एवढंच विचारते, "बाराव्या महिन्यात तुम्ही काढलंत, तर बंद झालेलं अनुदान चालू करायला तहसीलला माझ्याबरोबर कोण येणार? तुम्ही याल का, साहेब?"