पेत्राची दुसरी घसरण

देह दुबळा आहे हो, काय करणार! उपासना सुटल्यावर चर्चच्या अंगणात हे वाक्य हमखास कानावर पडतं. सुनेला चारचौघांत टाकून बोललो, देह दुबळा. भावाचं नाव सातबाऱ्यावरून उडवलं, देह दुबळा. वर्गणीच्या हिशेबात गोलमाल निघाला तरी कुणीतरी वडीलधारं समजूत घालतं की सोडा आता, आपण सगळेच दुबळे.

प्रभूने हे कुणाला आणि कधी सांगितलं, ते मत्तयाच्या २६व्या अध्यायात जाऊन पाहावं. गेथशेमाने बाग, रात्रीची वेळ, शिष्य पेंगुळलेले. त्यांना उठवून तो म्हणतो, जागे राहा, प्रार्थना करा. देह दुबळा असल्याचं तो सांगतो ते याच आज्ञेला जोडून. दुबळे आहात म्हणून जागे राहा, असा त्याचा अर्थ आहे. आपण मागचा तुकडा तेवढा तोडून घेतला आणि कूस बदलून पुन्हा झोपलो. याचा मला मनापासून राग येतो.

त्या रात्री झोपलेल्यांत पेत्र होता. कोंबडा आरवायच्या आत त्याने तीनदा प्रभूला नाकारलं, हे संडे स्कूलचं पोरही सांगेल. त्यावर उपदेश पुष्कळ होतात, कारण ती गोष्ट अश्रूंवरून क्षमेवर जाते आणि ऐकणारा हलका होऊन घरी जातो. पेत्राची दुसरी घसरण मात्र व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते. ती गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि ती घडली जेवणाच्या पंगतीत.

ठिकाण अंत्युखिया. पेत्र आता बावरलेला कोळी राहिलेला नाही. मंडळीचा खांब आहे. पवित्र आत्मा मिळालेला, तुरुंग पाहिलेला. यापो गावी धाब्यावर प्रार्थना करताना त्याला दर्शन झालं होतं की देवाने जे शुद्ध केलं त्याला तू अशुद्ध म्हणू नकोस. त्यावरच तो कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या उंबऱ्याआड गेला होता. परक्यांच्या घरी जेवलास कसा, म्हणून यरुशलेमेत जाब विचारला तेव्हा ठाम उत्तरही देऊन आला होता. अंत्युखियातही तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर रोज जेवत होता. मग यरुशलेमेहून, याकोबाकडून काही माणसं आली, आणि पेत्र हळूहळू मागे सरला. वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहुदी सरले, बर्णबासारखा भला माणूसही सरला. पौलाने पेत्राला तोंडावर आणि सगळ्यांदेखत खडसावलं.

पेत्राला तत्त्व ठाऊक होतं, दर्शन झालं होतं, साक्ष देऊन झाली होती. घात केला तो आपली माणसं काय म्हणतील या भीतीने. नंतर पंगतीत ज्यांच्या शेजारची जागा रिकामी झाली, त्यांना काय वाटलं असेल? पत्र त्याबद्दल काही सांगत नाही. महाराष्ट्रात ते सांगावं लागत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी म्हणूनच वाचायला सांगतो. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात आधी ताटातूट, आणि मग ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात राहूनही लक्ष्मीबाईंचं सोवळं, त्यांची चूल वेगळी. लहानपणी वडिलांच्या घरात सोवळ्याचा कहर पाहिलेली ही बाई. विटाळ डोक्यातून गेला तो बाप्तिस्म्याच्या पाण्याने नव्हे, त्याच्या आधी, स्वतःशी भांडून. आधी मनात, मग हातात, मग घशाखाली. आणि हे सगळं त्यांनी स्वतःला उजळ न करता लिहिलं. टिळकांचा शीघ्रकोपही झाकला नाही. ज्याची भजनं आपल्या मंडळ्या आजही गातात त्या कवीचा संताप त्याच्याच बायकोने पुस्तकात मांडला, प्रेमाने आणि नेमका. मला तर यात श्रद्धेची मोठी साक्ष दिसते. कारण या घरात दुबळेपणाला नाव होतं, आणि नाव असलं की त्याच्याशी लढता येतं.

आता आपल्या घरात या. नगर जिल्ह्यातल्या आपल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजातून, म्हणजे पाणवठ्यावरून हाकललेल्या माणसांमधून. त्यांच्याच नातवंडांच्या लग्नाच्या बैठकीत बायोडेटा हातात घेऊन हळूच विचारलं जातं, ‘तसे मूळचे कोण?’ गोव्यात कॅथलिक घरांतून बामण की चाड्डो ही जातीची विचारपूस अजून संपलेली नाही. तिथल्या काही गावांत फेस्ताच्या कोन्फ्रारी, म्हणजे भक्तमंडळं, आणि त्यांचे झगे जातीनुसार वेगळे राहिले, हा इतिहास आहे.

एका नाताळात पाहिलेलं सांगतो. घर सुशिक्षित, दिवाणखान्यात प्रभुभोजनाची मोठी तसबीर. पाहुण्यांना चिनी मातीच्या कपातून चहा, बशीत करंज्या, केकचे तुकडे. चर्चचं आवार झाडणाऱ्या मावशी सणाच्या सलामाला आल्या. मंडळीच्याच सभासद, त्याच सकाळी त्याच रांगेत प्रभुभोजन घेतलेल्या. त्यांना चहा आला स्टीलच्या पेल्यात, आणि बसायला सांगितलं दाराजवळच्या स्टुलावर. घरच्या मोठ्या मुलीने ते पाहिलं. उठून आत गेली, कप घेऊन आली, पेल्यातला चहा त्यात ओतला आणि मावशींचा हात धरून त्यांना सोफ्यावर आपल्याशेजारी बसवलं. आई लाल झाली. मुलगी शांतपणे म्हणाली, ‘आई, हे बरोबर नाही.’ आईने थोड्या वेळाने स्वतः करंज्यांची बशी मावशींपुढे धरली. हात थरथरत होता, पण धरली.

एवढ्याशा जागेत रोजची श्रद्धा राहते, असं माझं ठाम मत आहे. मोठी पापं वर्षातून कधी समोर येतात. कप आणि पेला रोज येतो. त्या आईला मी ढोंगी म्हणणार नाही. ती दुबळी होती, पेत्राइतकीच. तिचं नशीब की तिच्या घरात एक पौल होता आणि तो तिच्याच पोटचा होता. आपल्या बहुतेक मंडळ्यांत असं तोंडावर सांगणारं कुणी उरलेलं नाही. पाळकांनी बोलावं म्हणावं, तर त्यांचं मानधन ज्यांच्या वर्गणीतून निघतं तीच माणसं पहिल्या बाकावर असतात. उपासनेत सामुदायिक पापांगीकार एका सुरात म्हणायला सोपा, कारण त्यात कुणाचंच नाव नसतं. ज्याला दुखावलं त्याच्या दारात त्याच दिवशी जाऊन ‘चुकलो’ म्हणणं, घेतलेलं परत करणं, हे त्या सामुदायिक आवाजात बुडून जातं. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं मन तुझ्याविषयी दुखावलेलं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं प्रभूने डोंगरावर सांगितलं होतं. आपण अर्पण देऊन पावती घेतो.

आणि खडसावल्याने माणसं तुटतात ही भीती धरणाऱ्यांनी पेत्राच्या नावच्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय उघडावा. तिथे पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असा आहे.

पाळकसाहेब, येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचा, अकरा ते चौदा ही वचनं सावकाश वाचा, आणि त्यानंतर लग्नाच्या बैठकांबद्दल बोला. पहिल्या बाकावरच्या कुणाला राग आलाच, तर त्याने तो तुमच्यावर काढू नये. त्याला माझ्याकडे पाठवा, जेवायलाच.